पंच : गावकीचा आणि मैदानाचा

‘पंच’ हा शब्द मूळचा गावकीतला. तंटा तोडील तो पंच. त्याचा अधिकार वयाचा आणि वजनाचा. मैदानावरही दीर्घकाळ हीच रीत होती.

परंतु हुतुतूचे प्रकार अनेक. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होई. गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राही. अमरमध्ये तो मैदान सोडतच नसे. मग एका गावच्या पंचाचा प्रामाणिक कौलही दुसऱ्या गावाला अन्याय वाटला, तर नवल काय?

१९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ठरीव नियमांनी सामने भरविले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये हा खेळ दाखविला. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. नियम एक झाले, तशी पंचाची पात्रताही बदलली. वयाच्या मानाची जागा परीक्षेने घेतली : नियमांचे ज्ञान, आणि मैदानावर तीस सेकंदांची चढाई, दम व रेषा यांवर एकाच वेळी नजर.

बिदरलगतच्या मैलूरला मराठी, कानडी, उर्दू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. १९५६ साली बिदर हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सीमेचा वाद मागे उरला. मैदानाची मध्यरेषा मात्र दोन्हीकडे एकच. तेथे पंचाची भाषा कोणती, हे कोणी विचारीत नाही. त्याने नियम जाणावा आणि आपपर विसरावे, एवढेच पुरे. परीक्षेने पहिली गोष्ट पारखता येते. दुसरी मात्र आजही गावकीच्या जुन्या पंचाकडूनच शिकावी लागते.