मराठवाड्यांतील डांसनिवारण : फवारा, रांजण आणि शोषखड्डा

रोगांचा इतिहास हा आमच्याकडे उपेक्षित राहिलेला विषय आहे. स्वाऱ्या, तह व सनदा यांच्या तारखा निश्चित करण्यासाठीं आपण जितके श्रम वेंचतों, त्यांच्या दशांशानेंही एखाद्या गांवचें सांडपाणी कोठें जात होतें याचा शोध करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरता डांसनिवारणाचा वृत्तांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेंतून वेगळा झाला. त्यापूर्वींचा भाग वाचतांना वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आरंभीं एका समजाचा परामर्श घेणें अवश्य आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत डांसांचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यावरून हिंवतापाचें कारण प्राचीनांस ठाऊक होतें असें पुष्कळदां लिहिलें जातें. आमच्या मतें हें अनुमान टिकत नाहीं. तेथें डांसांची गणना विषारी कीटकांत केलेली असून वर्णन आहे तें दंशामुळें होणाऱ्या विकारांचें. एका माणसाचा ताप डांसामार्फत दुसऱ्यास जातो, ही कल्पना त्यांत नाहीं. निंबाच्या पाल्याचा धूर करण्याची खेड्यांतील चाल जुनी खरी. पण तिचा हेतु डांस हांकून सुखानें झोंप घेणें एवढाच.

हिंवताप व डांस यांचा संबंध सिद्ध होऊं लागला तो मात्र निजामच्या मुलुखांतच. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस या लष्करी वैद्यानें, हुसेनखान नांवाच्या रोग्यास चावलेल्या डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाच्या जंतूंची वाढ पाहिली. नांदेड व लातूर हीं दोन्हीं ठिकाणें त्या वेळीं त्याच राज्यांत होतीं. पुढें १९०२ सालीं रॉसनें डांसांविरुद्ध पथकें कशीं उभारावीं यावर पुस्तकही लिहिलें. डबकीं बुजवावीं, सांचलेल्या पाण्यावर तेल सोडावें, असा त्याचा उपदेश होता. परंतु लाहोरजवळ मियां मीरच्या छावणींत १९०१ पासून केलेला तसला प्रयोग फसला, आणि या मार्गावरील सरकारी विश्वास डळमळला. शोध हैदराबादच्या वेशीवर लागला. देशव्यापी मोहीम निघण्यास मात्र त्यानंतर ५६ वर्षें लागलीं.

ती मोहीम म्हणजे एप्रिल १९५३ मध्यें सुरू झालेला राष्ट्रीय हिंवताप नियंत्रण कार्यक्रम. हैदराबाद संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें होतें, व मराठवाडा मुंबई राज्यांत यावयास १९५६ चा नोव्हेंबर उजाडावयाचा होता. या मोहिमेचें तत्त्व रॉसच्या तत्त्वाहून निराळें होतें. हिंवतापाचा अ‍ॅनॉफिलीस डांस रक्त पिऊन जड झाला म्हणजे घरांतील भिंतीवर विसांवतो. म्हणून पाण्याच्या मागें न लागतां भिंतीवरच डीडीटी फवारावयाची. मोहिमेपूर्वीं देशांत दरसाल साडेसात कोटि रोगी व आठ लाख मृत्यु होत, असा अंदाज दिला जातो. १९६५ पर्यंत रोग्यांची नोंद सुमारें एक लाखावर उतरली. यश डोळे दिपविणारें होतें, आणि त्यानेंच घात केला. दक्षता सुटली, डांसांस औषध पचूं लागलें, आणि १९७६ सालीं आंकडा पुन्हां ६४ लाखांवर गेला.

आमच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. भिंतीवरच्या औषधानें हत्तीरोग हटला नाहीं. त्याचा वाहक क्यूलेक्स डांस घाणेरड्या पाण्यांत, म्हणजे मोरीच्या तोंडाशीं व तुंबलेल्या गटारांत निपजतो. हत्तीरोगाचा जंतु डांसाच्या पोटांत वाढतो हें पॅट्रिक मॅन्सन यानें चीनमध्यें १८७७ सालींच पाहिलें होतें, म्हणजे रॉसच्याही वीस वर्षें आधीं! तरी नांदेड व लातूर हे जिल्हे पुढेंही महाराष्ट्राच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादींत राहिले, व २००४ पासून सरसकट सर्वांस डीईसीच्या गोळ्या देण्याची मोहीम काढावी लागली.

तिसरा डांस एडिस. त्यास स्वच्छ पाणी लागतें, आणि तें आपणच त्यास रांजणांत, हौदांत, टांक्यांत भरून देतों. लातूरच्या पश्चिमेस असलेल्या बार्शी शहरांत १९७३ सालीं चिकुनगुनियाची मोठी सांथ आली. नंतर तो रोग देशांतून जवळजवळ दिसेनासा झाला व २००५-०६ सालीं पुन्हां उसळला. या डांसाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांत पुरी होते. यास्तव आठवड्यांतून एकदां सर्व भांडीं रितीं करून, घांसून, वाळवून कोरडा दिवस पाळावा असा नियम आहे. नियम शास्त्रशुद्ध आहे. पण २०१६ चें लातूर आठवावें. धरण आटलेलें, नळास पाणी अनेक दिवसांनीं, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीनें दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आणलेलें. (याच मिरज-लातूर मार्गावर पूर्वीं बार्शी लाईटची अरुंद गाडी चाले, ती लातुरास १९११ सालीं पोंचली होती.) असें पाणी भरून ठेवणाऱ्या गृहिणीस तें ओतून टाका म्हणून कोणत्या तोंडानें सांगावें? तेथें टांकीस घट्ट झांकण, वर फडकें, अळ्या मारणारें अ‍ॅबेट, किंवा हौदांत गप्पी मासे, एवढेच उपाय उरतात. धुराची गाडी गल्लींतून फिरली म्हणजे लोकांस समाधान वाटतें, पण तिनें उडते डांस मरतात. टांकींतील अळ्या तशाच राहतात.

नांदेडकडून मात्र एक नवी गोष्ट निघाली. हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी या गांवानें घरोघरीं शोषखड्डे करून उघडीं गटारें नाहींशीं केलीं. तेंच काम २०१५-१६ च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेनें, तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी अभिमन्यु काळे यांच्या पुढाकारानें, रोजगार हमी योजनेंतून जिल्हाभर नेलें. त्यास 'नांदेड पॅटर्न' असें नांव पडलें. रचना अगदीं साधी. सुमारें चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा. मध्यें वरच्या अंगास भोंकें पाडलेली सिमेंटची टांकी. भोंवतीं दगडगोटे व खडी. मोरीचें पाणी प्रथम टांकींत येतें, गाळ तळाशीं बसतो, व निवळलेलें पाणी भोंकांतून बाहेर पडून जमिनींत मुरतें. वर पाणी दिसत नाहीं, म्हणून क्यूलेक्सास अंडीं घालावयास जागा राहत नाहीं.

अशा गांवांस 'डांसमुक्त' म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द आम्हांस अंमळ सैल वाटतो, कारण शोषखड्ड्यानें क्यूलेक्सचा बंदोबस्त होतो, एडिसचा नव्हे. त्याच घरच्या रांजणावर झांकण नसेल तर डेंगी येऊं शकते. तथापि रॉसचें पाण्याकडे बोट दाखविणारें तत्त्व येथें खरोखर अंमलांत आलें, आणि तेंही पथकें नेमून नव्हे, तर प्रत्येकाच्या परसांत. खड्डा चालू ठेवावयाचा तर टांकींतील गाळ वेळोवेळीं काढावा लागतो. तो न काढल्यास भोंकें बुजतात, व पाणी पुन्हां रस्त्यावर येतें.