सैल तारांचं वजन

तुम्ही ॲस्टनमध्ये उतरता तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी झालेली असते. साल 1965, शहर बर्मिंगहॅम. हवेत दोन वास आहेत, एचपी सॉसच्या कारखान्यातल्या व्हिनेगरचा आणि ॲन्सेल्सच्या बिअर-कारखान्यातल्या शिजत्या धान्याचा. लाल विटांची घरं धुरानं काळी पडलीत. युद्ध संपून 20 वर्षं झाली, तरी बॉम्बनं पडलेल्या घरांच्या काही जागा अजून रिकाम्याच आहेत.

एका घरात 17 वर्षांचा मुलगा आईला सांगतोय की तो दुपारी कामावर परत जाणार नाही. नोकरीचा आज शेवटचा दिवस. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलंय, मग उरलेल्या चार तासांनी काय फरक पडतो? आईचं म्हणणं, हाती घेतलेलं काम पुरं करून ये. तो जातो. त्याचं नाव टोनी आयोमी.

तुम्ही त्याच्या मागोमाग पत्र्याच्या कारखान्यात शिरता. त्याचं रोजचं काम वेल्डिंगचं. आज मात्र प्रेसवरचा कामगार आलेला नाही, म्हणून टोनीला त्या यंत्रावर उभं केलंय. यंत्राची त्याला सवय नाही. पत्रा सरकवताना प्रेस हातावर येते, तो दचकून हात मागे ओढतो आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं आतच राहतात. टोनी डावखुरा आहे. गिटारवर तारा दाबण्याचं काम त्याचा उजवाच हात करतो.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, याच हातातून हेवी मेटल घडणार आहे, म्हणून हा क्षण तुम्हाला सोसतो. त्याला ठाऊक नाही. डॉक्टर सांगतात, वाजवणं आता विसर.

काही दिवसांनी कारखान्याचा मॅनेजर त्याला भेटायला घरी येतो. येताना एक रेकॉर्ड आणलीय. टोनीला गाणी ऐकायची इच्छा नाही, तरी मॅनेजर हट्टानं ती लावायला लावतो आणि मग सांगतो, हा वाजवणारा माणूस दोनच बोटांनी वाजवतोय. जँगो राइनहार्ट. 1928 साली गाडीघराला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती. हेवी मेटलच्या इतिहासात ज्यांचं ऋण मानावं अशा माणसांत मी या मॅनेजरला फार वर ठेवतो.

आता टोनी काय करतो ते जवळ बसून बघा. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली तो वितळवतो, तिची गोळी करतो, तापल्या सोल्डरिंग आयर्ननं तिला बोट शिरेल एवढं भोक पाडतो आणि तासत बसतो. अशा दोन टोप्या होतात. पण प्लॅस्टिक तारेवरून घसरतं. मग जुन्या लेदर जॅकेटचा तुकडा कापून तो टोप्यांवर चिकटवतो, आणि चामडं तारेला धरेपर्यंत घासत राहतो. टोपी जड झाली तर बोट हलत नाही, पातळ झाली तर दुखतं. हात बदलून उजव्या हातानं छेडायला शिकण्याचा मार्ग होता, तो त्याला नको होता.

तरीही अडचण उरतेच. गिटारच्या तारा जाड आणि ताठ, त्या दाबताना बोटांच्या बुंध्यांत कळ जाते. बाजारात हलक्या तारांचा संच मिळत नाही, म्हणून तो बँजोच्या तारा आणून गिटारवर चढवतो. शिवाय टोप्यांतून तार कळत नाही, बोट नेमकं कुठे पडलंय हे कानानंच ओळखावं लागतं. तर्जनी आणि करंगळी शाबूत आहेत. त्या दोघींना जे जमेल त्यावर त्याचं वाजवणं हळूहळू उभं राहतं.

आता चार वर्षं पुढे चला. 16 ऑक्टोबर 1969, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. आयोमी, ड्रमवर बिल वॉर्ड, बेसवर गीझर बटलर, गायला ऑझी ऑस्बर्न. चौघेही ॲस्टनचे. बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, आणि पहिला अल्बम करायला हातात एक दिवस. स्टेजवर वाजवतात तसंच सगळं एकदम वाजवायचं आणि निघायचं. सुरुवातीलाच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बंद पडतो. जोडीला आणलेली गिब्सन एसजी तो उचलतो, आणि पुढे आयुष्यभर एसजी हीच त्याची गिटार ठरते.

ॲम्पसमोर उभे राहा. त्याच्या ताकदीबाहेरचा आवाज मागितला की ध्वनिलहरीचे उंचवटे कापले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यातून जन्मतात. अशा फाटलेल्या आवाजात सा-ग-प एकत्र छेडलं तर गंधार सगळं गढूळ करतो. सा आणि पंचम मात्र टिकतात, उलट अधिक भरीव होतात. तंबोऱ्यात आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलेलं हे नातं. मेटलमध्ये त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात.

बँडच्याच नावाचं गाणं सुरू होतं. पाऊस आणि घंटा नंतर जोडल्या जाणार आहेत, इथे फक्त तीन स्वर आहेत: सा, त्याच्या एक सप्तक वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. यमनात हाच तीव्र मध्यम पंचमाकडे जातो आणि जीव सुखावतो. आयोमी त्याला पंचमाकडे जाऊच देत नाही, तिथेच थरथरत ठेवतो. ही हिंमत मला अख्ख्या रॉक संगीतात दुसरीकडे क्वचितच ऐकू आलीय. 13 फेब्रुवारी 1970 ला हा अल्बम ब्रिटनमध्ये आला आणि तिथल्या पहिल्या दहांत पोचला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोटं गेली म्हणून तारा उतरवल्या आणि तिथेच मेटल जन्मलं, असं सरसकट सांगितलं जातं. पण या पहिल्या अल्बमवरची गिटार नेहमीच्याच सुरांत लावलेली आहे. उतरलेल्या तारा ऐकायला तुम्हाला 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’पर्यंत यावं लागेल. तिथल्या बऱ्याच गाण्यांत आयोमीनं गिटार तीन अर्धस्वर खाली आणली आणि गीझरनं बेसही तितकाच उतरवला. तेवढ्यानं तारेवरचा ताण सुमारे 29 टक्क्यांनी घटतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दुखऱ्या बोटांना तेवढी सवलत मिळाली. आणि बारीक, सैल तारांतून असा आवाज निघाला की जमीन हलावी.

मला या संगीताबद्दल जे म्हणायचं आहे ते एवढंच. मेटलला लोक रागाचं, ताकदीचं संगीत म्हणतात, कारखान्यांच्या ठोक्यांशी त्याची सांगड घालतात. ठोक्यांचा संस्कार असेलही. पण या आवाजाचं वजन आलं ते एका जखमी हातानं तारांकडे मागितलेल्या नरमाईतून. ज्यांना तो नुसता गोंगाट वाटतो त्यांनी हे ऐकलेलं नाही.

आणखी एक उडी घ्या. 5 जुलै 2025, ॲस्टनमधलंच व्हिला पार्क मैदान. मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजवतायत. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गातो, उभं राहणं त्याला शक्य नाही. आयोमी 77 वर्षांचा आहे आणि बोटांवर टोप्या आहेत. 17 दिवसांनी ऑझी गेला.

आता घरी या आणि एक काम करा. चांगले हेडफोन लावा. आधी ‘ब्लॅक सॅबथ’ हे गाणं ऐका, लगेच त्यामागून ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मधलं शेवटचं, ‘इन्टू द व्हॉइड’. दोन्हींत गिटार त्याच हाताची आहे. तारा कुठे सैल झाल्या ते तुमचे कान सांगतील. आवाज मात्र पुरेसा मोठा ठेवा, हे संगीत हळू ऐकण्यासाठी केलेलं नाही.