गाडीतील सुरक्षा तंत्रज्ञान : उपयोग आणि मर्यादा

अक्कलकोट व गाणगापूरच्या दर्शनासाठी गोव्यातून स्वतःच्या मोटारीने जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. चोर्ला किंवा अनमोड घाट चढायचा, बेळगाव, विजयपूर मागे टाकायचे आणि सोलापूर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात शिरायचे. आळंद तालुक्यातील मादन हिप्परग्यासारख्या गावांच्या बाजूला महामार्ग सुटतो, रस्ता अरुंद होतो आणि गाळप हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या समोर येतात. एकाच प्रवासात घाट, चौपदरी महामार्ग आणि गावरस्ता असे तिन्ही प्रकार भेटत असल्याने नव्या गाडीतील यंत्रणा कोठे साथ देतात व कोठे नाही, हे निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

घाटात उपयोगी पडणारी पहिली यंत्रणा ‘हिल होल्ड’. चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू करताना ब्रेकवरून पाय काढला तरी ती क्षणभर गाडी रोखून धरते. एबीएसचे काम वेगळे. जोराने ब्रेक दाबला असता चाक जाम होऊ लागले, की ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करते. त्यामुळे चाक फिरते राहते आणि स्टिअरिंग हाती राहते. त्या वेळी पायाखालचे पेडल थरथरते. काही बिघडले असे समजून अनेक जण पाय उचलतात. वस्तुतः तेव्हा पेडल घट्ट दाबून ठेवायचे असते. सैल खडीवर मात्र एबीएसमुळे गाडी थांबण्याचे अंतर वाढू शकते. ‘ईएससी’ ही त्यापुढची पायरी. वळणावर गाडी घसरू लागताच ती नेमक्या एखाद्या चाकालाच ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते.

एअरबॅगविषयी गैरसमज सर्वाधिक. ती सीटबेल्टला पर्याय नसून पूरक आहे. धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांशांत ती फुगते. पट्टा न लावलेली व्यक्ती त्याच क्षणी पुढे फेकली जाते आणि फुगत्या पिशवीवरच आदळते. मागे तोंड करून बसवायचे तान्ह्या मुलाचे आसन पुढच्या एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये, ते याच कारणाने. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी आणि आधुनिक होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही दगावले, पुढचे दोघे बचावले. मागच्या आसनावरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे. तरीही पट्ट्याची सूचनाघंटी गप्प करणाऱ्या क्लिपा सर्रास विकल्या जात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढावे लागले. पैसे मोजून सुरक्षा निकामी करण्याचा हा प्रकार अजबच म्हणायचा!

आता ‘अडास’. काचेमागील कॅमेरा आणि समोरच्या भागातील रडार पुढील वाहनाचा अंदाज घेतात. त्यावरून गाडी स्वतः वेग कमी करते, वेळप्रसंगी ब्रेक लावते, पट्टा सोडून बाजूला जाऊ लागल्यास स्टिअरिंग सावरते. चौपदरी महामार्गावर याचा थकवा कमी करण्यास खरोखर उपयोग होतो. परंतु मार्गिका राखणारी यंत्रणा रस्त्यावरील पांढरे पट्टे पाहून चालते. गावरस्त्यावर पट्टेच नसतील तर ती आपोआप स्वस्थ बसते. मागचा दिवा नसलेली ट्रॉली, बैलगाडी किंवा अचानक आडवे आलेले जनावर तिला वेळेत ओळखता येईलच, याची शाश्वती नाही. रडारवर चिखल बसला किंवा कॅमेऱ्यासमोरची काच मळली तरी ती बंद पडू शकते. पुढची काच बदलल्यास कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावे लागते, हेही दुरुस्तीच्या वेळी विचारून घ्यावे. सध्या मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा ‘लेव्हल २’ ची आहे. म्हणजे हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावर असलीच पाहिजे.

गाडी निवडताना तारांकन पाहावे. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’चे पाच तारे मिळाले, भारतीय बनावटीच्या गाडीला ते प्रथमच मिळत होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशी चाचणी सुरू झाली. तिच्यात समोरील धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जाते. ती ऐच्छिक असल्याने प्रत्येक गाडीला तारे असतीलच असे नाही. जाहिरातीतील तारे आपण घेत असलेल्या प्रकाराला लागू आहेत का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.