आठ डॉलरांची शिदोरी

परदेशवारीचं बजेट म्हटलं की आपण एक्सेल शीट उघडतो. विमान, हॉटेल, व्हिसा, खरेदी. मी जुनी मराठी प्रवासवर्णनं आणि चरित्रं वाचू लागलो, तेव्हा या शीटमध्ये नसलेला एक रकाना सतत समोर येत राहिला: परवानगी. खिशात पैसे आहेत, पण जाऊ कोण देणार?

१८८३चा उन्हाळा घ्या. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. त्याच सुमारास पंडिता रमाबाई लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. तेव्हा परवानगी समाजाची लागायची. समुद्र ओलांडला की जात गेली, असं मानणारा तो काळ. निघण्यापूर्वी आनंदीबाईंना श्रीरामपूरच्या भरसभेत उभं राहून आपण का जातोय ते सांगावं लागलं.

पैशांचं काय केलं? रमाबाईंनी १८८२मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च उभा केला. आनंदीबाईंचा राहण्याजेवणाचा प्रश्न पत्रांनी सोडवला. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा आधीपासून पत्रव्यवहार होता. त्या ओळखीवर परक्या देशात घर मिळालं. आज आपण ज्याला ‘प्लॅनिंग’ म्हणतो, ते दोघींनी बोटीत पाय ठेवण्यापूर्वीच केलं होतं.

स्वातंत्र्यानंतर परवानगी देणारा बदलला. आता सरकार हिशेब मागू लागलं. देशाच्या तिजोरीत डॉलर मोजके आणि त्यातून धान्य, यंत्रं, तेल आणायचं. मग तुमच्या सहलीसाठी डॉलर कुठून? परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर करून घ्यावा लागे. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्या काळात परदेशी गेलेल्या पिढीच्या आठवणींत एक आकडा हटकून येतो: आठ डॉलर. म्हणजे साठ रुपये. घरी शेती असो की गिरणी, विमानतळावरून सोबत न्यायला एवढेच. म्हणून उतरल्यावर न्यायला कोण येणार, पहिली रात्र कुठे काढायची, हे आधी ठरवलेलं असे. नातेवाईक, गाववाले, मित्राचा मित्र हेच त्यांचं क्रेडिट कार्ड.

१९९१मध्ये देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं आणि त्यानंतर धोरण बदलत गेलं. १ जून २००० पासून ‘फेमा’ कायदा लागू झाला. फेब्रुवारी २००४मध्ये सामान्य नागरिकाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आठपासून अडीच लाखांपर्यंत!

म्हणून परवानगीचा रकाना गेला का? नाही. तो दुसऱ्या देशाच्या वकिलातीत गेला. शेंगेन व्हिसासाठी बँक स्टेटमेंट आणि किमान ३० हजार युरोंचा विमा दाखवावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवसांची आहे, पण तिच्यावर विसंबू नका. अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जातात. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

बाकी हिशेब आजी-आजोबांच्या पद्धतीने मांडावा. आधी न टळणारे खर्च, मग रोजचा खर्च गुणिले दिवस, आणि अडीअडचणीसाठी वेगळी गाठ. कार्डाचं परकीय चलन शुल्क आधी विचारून घ्या. दुकानातलं मशीन ‘रुपयांत भरणार का?’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात भरा. रुपयाच्या पर्यायात दर त्यांचा असतो. परदेशी पॅकेजवर आधीच गोळा केलेला कर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पावती जपा.

आणि हप्त्यांवर सहल करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. आठ डॉलरवाल्यांना सरकार अडवत होतं. आपल्याला अडवणारं आता कुणी नाही. उलट फोनवरचं प्रत्येक अ‍ॅप ‘जा’च म्हणतं. ‘किती?’ हा प्रश्न पूर्वी रिझर्व्ह बँक विचारायची. आता तो आपणच आपल्याला विचारायचा आहे.