म्हशीच्या पाठीवर कविता लिहिणारा कागलचा पोरगा साहित्य अकादमीपर्यंत कसा पोहोचला?

कोल्हापूरहून पुणे-बंगळुरू महामार्गाने निपाणीच्या दिशेने निघालं की कागलजवळ पंचतारांकित एमआयडीसी लागते. नाव ऐकून बाहेरगावच्या माणसाला फाईव्ह स्टार हॉटेल आठवतं. पण इथं ‘पंचतारांकित’ हा औद्योगिक वसाहतीचा दर्जा आहे. कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत ही वसाहत पसरलेली आहे. इथं इंजिनं बनतात, कापड तयार होतं. शिफ्ट सुटली की दुचाक्या आसपासच्या गावांच्या दिशेने पांगतात.

दोन पिढ्या मागं गेलं तर या भागातल्या माणसांचा दिवस भोंग्यावर सुरू होत नव्हता. पहाटे मोट धरायची, उसाला पाणी पाजायचं, जनावरांना वैरण घालायची आणि हंगाम आला की गुऱ्हाळ लावायचं, असा तो दिवस होता. तो दिवस जसाच्या तसा मराठी साहित्यात आला आणि तो आणणारा माणूस याच कागलचा होता.

त्यांचं नाव डॉ. आनंद यादव. ‘झोंबी’, ‘गोतावळा’ आणि ‘नटरंग’ या पुस्तकांचे लेखक. शाळेत जाण्यासाठी स्वतःच्या घरात भांडलेला हा मुलगा पुढं विद्यापीठात मराठी विभागाचा प्रमुख झाला आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांच्या घरातलं पोर

आनंद यादव यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३५ रोजी कागलमध्ये झाला. घरची परिस्थिती हलाखीची. दुसऱ्याची जमीन कसायची, पिकातला वाटा मालकाला द्यायचा आणि उरेल त्यावर मोठं खटलं जगवायचं. भावंडं बरीच आणि खाणारी तोंडं हातांपेक्षा जास्त. अशा घरात पोरगं चालायला लागलं की ते कामाचं माणूस धरलं जायचं.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कागल म्हणजे घाटगे घराण्याची जहागीर. याच घराण्यातून दत्तक गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यानंतर दोन दशकांच्या आत कागलात जन्मलेल्या मुलाला शाळेसाठी इतकं झगडावं लागलं. कायदा दारापर्यंत आला होता, पण उंबऱ्याच्या आत गरिबीचं राज्य होतं. ‘झोंबी’ वाचताना हे पानोपानी जाणवतं.

‘झोंबी’ म्हणजे काय? आणि ती कुणाशी?

नाव ऐकून आजच्या पोरांना हॉलिवूडचे झॉम्बी आठवतील. पण हा शब्द आपल्या तालमीतला आहे. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. कुस्तीच्या मुलखातल्या लेखकानं आपल्या बालपणाला हे नाव दिलं, यातच सगळं आलं.

पुस्तकातल्या आनंदाची पहिली झोंबी घरातच आहे. तो वडिलांना ‘दादा’ म्हणतो. या दादांनी त्याला शाळेतून काढून मळ्यातल्या कामाला जुंपलेलं असतं. गावात सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावायचं, म्हणजे गुळाला चांगला भाव मिळतो, हा दादांचा हिशोब. पोरगं मात्र मनातल्या मनात दुसराच हिशोब करत असतं. आयुष्यभर या मातीत राबून हाती काही लागणार नाही, शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे येतील, असं त्याला वाटतं.

दादांशी थेट बोलायची हिंमत नसते. मग माय-लेक गावातल्या वजनदार माणसाकडे, दत्ताजीरावांकडे जातात. आपण येऊन गेल्याचं दादांना कळू द्यायचं नाही, हेही ठरतं. दत्ताजीराव दादांना बोलावून घेऊन चांगलंच फैलावर घेतात आणि शाळेचं मान्य होतं.

पण दादांच्या अटी ऐका. दिवस उगवताच मळ्यात हजर व्हायचं. अकरापर्यंत पाणी पाजायचं. दप्तर मळ्यातच घेऊन यायचं आणि तिथूनच शाळेला जायचं. शाळा सुटली की तासभर जनावरं चारायची. मळ्यात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. पोरगं सगळ्या अटी मान्य करतं.

हा प्रसंग लिहिताना यादव दादांना खलनायक ठरवून मोकळे होत नाहीत. दादा मारतात, शिव्या देतात आणि स्वतःच्या अंगावरचं काम पोरावर टाकतात. पण त्या माणसाला तसं करणारी परिस्थितीही वाचकाला दिसत राहते. म्हणूनच पुस्तक वाचून संपल्यावर राग आणि कणव यातलं नेमकं काय जास्त आहे, हे सांगता येत नाही.

सौंदलगेकर मास्तर

शाळेत परत गेल्यावर आनंदाला मराठी शिकवायला मिळाले न. वा. सौंदलगेकर मास्तर. ते कविता नुसती शिकवत नसत, चालीवर गाऊन आणि हावभाव करून दाखवत. शिवाय ते स्वतः कविता करायचे. आनंदासाठी हा शोध मोठा होता. तोवर कवी म्हणजे कुणीतरी वेगळ्याच जगातला प्राणी, असं त्याला वाटायचं. मास्तरांनी स्वतःच्या दारातल्या मालतीच्या वेलावर केलेली कविता त्याने वाचली आणि त्याने तो वेलही पाहिला होता. मग आपल्या मळ्यातल्या गोष्टींवर आपल्याला का लिहिता येऊ नये?

जनावरं राखताना, पाणी पाजताना तो कविता जुळवू लागला. कागद-पेन्सिल जवळ नसेल तर काटकीनं म्हशीच्या पाठीवर अक्षरं ओढायचा, नाहीतर दगडावर खड्यानं लिहायचा. पाठ झाली की पुसून टाकायची. पूर्वी मळ्यातलं एकटेपण त्याला खायला उठायचं. आता तेच त्याला हवंहवंसं वाटू लागलं, कारण एकटं असलं की मोठ्यानं म्हणता यायचं, नाचताही यायचं.

विशेष म्हणजे हा प्रसंग आज महाराष्ट्राबाहेरची मुलंही वाचतात. ‘झोंबी’चा हिंदी अनुवाद ‘जूझ’ या नावाने झाला. त्यातला हा भाग एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘वितान’ या हिंदी पुस्तकात आहे. त्यामुळे दिल्ली-लखनऊच्या मुलांनी परीक्षेत सौंदलगेकर मास्तरांवर उत्तरं लिहिली आहेत.

कागलची बोली पुस्तकात आली

यादव यांचं पहिलं पुस्तक कवितांचं होतं, ‘हिरवे जग’, १९६० साली आलेलं. पुढं ‘मातीखालची माती’ हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक आणि ‘खळाळ’ हा कथासंग्रह आला. पण खरा स्फोट झाला तो १९७१ साली, ‘गोतावळा’ कादंबरीने.

त्यात नवीन काय होतं? तोवरच्या ग्रामीण कथांमध्ये साधारण असं व्हायचं की पात्रं गावरान बोलायची, पण गोष्ट सांगणारा लेखक पुस्तकी मराठीत बोलायचा. म्हणजे गावाकडचा माणूस आत आणि त्याच्याकडे बघणारा शहाणा माणूस बाहेर. ‘गोतावळा’त हा बाहेरचा माणूसच नाही. नारबा नावाचा मळ्यातला गडी स्वतःच आपल्या बोलीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गोष्ट सांगतो. बोली ही फक्त संवादात चवीपुरती वापरायची गोष्ट नाही, तिच्यात अख्खी कादंबरी विचार करू शकते, हे यादवांनी सिद्ध केलं.

ट्रॅक्टर आला आणि गोतावळा सुटला

नारबाला स्वतःचं घरदार नाही. मळ्यातली बैलं, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. त्यांचं दुखणं-खुपणं, रुसवे-फुगवे त्याला माणसांसारखे कळतात. मग मालक मळ्यात ट्रॅक्टर आणतो. बैलांचं काम संपतं. ज्याचं काम संपलं त्याला वैरण कशाला घालायची? एकेक जनावर मळ्यातून जायला लागतं आणि प्रत्येक जनावराबरोबर नारबाचं एकेक नातं तुटतं. शेवटी प्रश्न उरतो, तो नारबाचा स्वतःचा.

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना आज जास्त ओळखीची वाटेल. यंत्र आलं की उत्पादन वाढतं, हे खरंच आहे. शिकलेल्या पोरांना घराजवळ काम मिळतं, हेही खरं. यादवही यंत्राला शिव्याशाप देत बसत नाहीत. यंत्र आल्यावर कुणाचं काय गेलं, याचा हिशोबही कुणीतरी मांडला पाहिजे, एवढं मात्र त्यांची कादंबरी सांगते. आनंदा शिकला म्हणून मळ्यातून स्वतःच्या पायाने बाहेर पडला. नारबा शिकलेला नव्हता, त्याला बाहेर पडावं लागलं. ‘झोंबी’ आणि ‘गोतावळा’ एकापाठोपाठ एक वाचली की हा फरक काळजात रुततो.

‘नटरंग’चा गुणा कागलकर

१९८० साली ‘नटरंग’ ही कादंबरी आली. गुणा हा पिळदार अंगाचा मजूर, तमाशाचं वेड असलेला. मजुरी सुटल्यावर तो स्वतःचा फड उभा करायला निघतो. पण फडाला नाच्या मिळेना, म्हणून ते सोंग त्याला स्वतःच घ्यावं लागतं. पुढं कलेसाठी घेतलेलं सोंग आणि गावाच्या लेखी मर्दपणा यांच्या कात्रीत हा माणूस सापडतो.

१ जानेवारी २०१० रोजी या कादंबरीवरचा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रवी जाधव, संगीत अजय-अतुल यांचं आणि गुणा कागलकरच्या भूमिकेत अतुल कुलकर्णी. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी घराघरांत वाजली, पण मूळ गोष्ट कागलच्या लेखकाची आहे, हे अनेकांना आजही माहीत नसतं.

आत्मचरित्राचे चार खंड आणि पुरस्कार

‘झोंबी’ १९८७ साली प्रसिद्ध झालं, त्याला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना लाभली. पुढं ‘नांगरणी’ (१९९०), ‘घरभिंती’ (१९९२) आणि ‘काचवेल’ (१९९७) हे खंड आले. ‘झोंबी’त शाळेसाठीचा झगडा आहे, ‘नांगरणी’त महाविद्यालयाचे दिवस, तर पुढच्या खंडांत नोकरी, संसार आणि शहरात जाऊनही पाठ न सोडणारं गावाकडचं घर.

शिकवणं हा त्यांचा पेशा. पुणे विद्यापीठात ते मराठीचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ यासारख्या पुस्तकांतून त्यांनी ग्रामीण साहित्याची वैचारिक बाजू मांडली. खेड्यापाड्यांतून नव्याने शिकलेल्या मुलांनी स्वतःचं जगणं स्वतः लिहावं, यासाठी ग्रामीण साहित्य चळवळ उभी करणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

संमेलनाध्यक्षपद आणि वाद

२००९ साली महाबळेश्वरला झालेल्या ८२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी यादव निवडून आले. मात्र त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतल्या तुकारामांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकरी संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी विरोध थांबला नाही. अखेर त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. प्रकरण न्यायालयातही गेलं. लेखकाचं स्वातंत्र्य कुठवर आणि श्रद्धेचा मान कसा राखायचा, यावरच्या चर्चेत आजही या घटनेचा दाखला दिला जातो.

२७ नोव्हेंबर २०१६ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. एक्याऐंशीवा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

एकटे नव्हते, पण वाट रुंद केली

कोल्हापूर जिल्ह्यात कथाकारांची परंपरा जुनी आहे. ‘वळीव’चे लेखक शंकर पाटील हे हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे. साहित्य अकादमीच्या यादीत ‘स्वामी’साठी रणजित देसाई, ‘तणकट’साठी राजन गवस, अलीकडे किरण गुरव आणि ‘रिंगाण’साठी कृष्णात खोत, अशी या जिल्ह्यातली नावं भेटत राहतात. आपल्या गावची बोली पुस्तकात लिहिली तर लोक हसतील का, ही भीती पुढच्या पिढीला कमी वाटली असेल, तर त्यात यादवांचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्यांदा वाचणार असाल तर ‘झोंबी’ घ्या. जाडजूड आहे, पण हातातून सुटत नाही. बोलीची सवय झाली की ‘गोतावळा’. कागल भागातले असाल तर अर्धे शब्द आजीच्या तोंडून ऐकलेलेच निघतील. आणि ‘नटरंग’ पाहिला असला तरी कादंबरी वेगळी वाचा.

आणि घरात आजोबा असतील तर त्यांना एकदा विचारून बघा, तुमची शाळा कितवीला सुटली आणि का? अनेक घरांतली ‘झोंबी’ अजून कुणी लिहिलेली नाही.