तेच सैनिक, तोच गणवेश, हुकूम मात्र उलटा

ज्यांना हेडफोन सापडत नाहीत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय माझ्या फजितीतून निघाला. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमचा क्लायंट अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात आहे. एकदा कॉलवर बाकीचे लोक यायची वाट बघत होतो. तिकडचा सहकारी सांगत होता, की त्याची मुलगी शाळेच्या सहलीला राजधानी लिटल रॉकला गेली होती, तिथलं सेंट्रल हायस्कूल बघायला. १९५७ साली या शाळेच्या दारात नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवण्यासाठी राज्याच्या गव्हर्नरने बंदूकधारी सैनिक उभे केले होते. मी लगेच विचारलं, "मग प्रेसिडेंटने त्या गव्हर्नरला घरी का नाही पाठवलं?" दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "पाठवणार कसा? गव्हर्नरला प्रेसिडेंट नेमतच नाही."

चूक माझी होती. गव्हर्नर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आपले राज्यपाल येतात, म्हणजे केंद्राने नेमलेले. अमेरिकेत गव्हर्नर हा राज्याचा खरा कारभारी. जनता त्याला थेट निवडून देते. प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना, स्वतःचं विधिमंडळ आणि स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. आणि आपल्याकडची 'राष्ट्रपती राजवट' ही भानगड तिथे नाहीच. संघराज्य आणि अध्यक्षीय पद्धत एकत्र आली की असं होतं: वर एक निवडून आलेला प्रमुख, खाली प्रत्येक राज्यात एक निवडून आलेला प्रमुख, आणि कोणीच कोणाला काढू शकत नाही.

मग दोघं आमनेसामने आले तर? तेच लिटल रॉकमध्ये झालं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सरकारी शाळांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य आहे. निकाल झाला, पण न्यायालयाकडे पोलीस नाहीत, पैसा नाही. शाळा चालवणं हे राज्यांचं आणि स्थानिक शाळा मंडळांचं काम. लिटल रॉकच्या मंडळाने १९५७ च्या सप्टेंबरपासून हळूहळू सुरुवात करायचं ठरवलं. पहिल्या तुकडीत नऊ जण होते, सहा मुली आणि तीन मुलगे.

२ सप्टेंबरला गव्हर्नर ऑरव्हल फॉबस यांनी अर्कान्सा नॅशनल गार्ड बोलावलं. कारण काय दिलं, तर दंगल होईल. नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं अर्धवेळ सैन्य. एरवी नोकरी-शेती करणारी स्थानिक माणसं. हे सैन्य एरवी गव्हर्नरचा हुकूम मानतं. ४ सप्टेंबरला मुलं आली. एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी एकत्र जायचं ठरलंय हा निरोप तिला मिळालाच नाही. पंधरा वर्षांची ही मुलगी एकटीच पोचली. सैनिक गोऱ्या मुलांना आत सोडत होते, म्हणून ती त्यांच्या दिशेने गेली. त्यांनी तिलाच अडवलं. मागे ओरडणारा जमाव. त्या जमावातून चालत ती बस स्टॉपवर जाऊन बसली. तो फोटो तुम्ही नक्की शोधून बघा.

प्रेसिडेंट होते ड्वाइट आयझेनहॉवर, दुसऱ्या महायुद्धातले सेनापती. त्यांना हे प्रकरण हातात घ्यायची अजिबात घाई नव्हती. १४ सप्टेंबरला सुट्टीवर असताना त्यांनी फॉबसना भेटायला बोलावलं आणि सुचवलं, की सैनिक मागे घेऊ नका, फक्त त्यांचा हुकूम बदला. मुलांना अडवण्याऐवजी मुलांचं रक्षण करू दे. लक्षात घ्या, देशाचा प्रमुख एका राज्याच्या प्रमुखाला इथे सुचवतोय! हुकूम देता येत नव्हता. फॉबस परत गेले आणि काहीच बदललं नाही.

मग फेडरल न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी २० सप्टेंबरला गव्हर्नरला थेट मनाई केली. फॉबसनी काय करावं? गार्ड उठवलं आणि शाळा मोकळी सोडून दिली. २३ तारखेला मुलं बाजूच्या दाराने आत गेली, पण बाहेर हजारभर लोकांचा जमाव जमला. पोलिसांना तो आवरेना. दुपार व्हायच्या आत मुलांना बाहेर काढावं लागलं. शहराच्या महापौरांनी प्रेसिडेंटना तार केली: केंद्राचं सैन्य पाठवा.

२४ सप्टेंबरला आयझेनहॉवरनी आदेशावर सही केली. आदेशात दोन गोष्टी होत्या. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे हजार सैनिक लिटल रॉकला रवाना. १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरण्याआधी आयझेनहॉवर याच डिव्हिजनच्या पोरांना भेटायला गेले होते. आणि दुसरी गोष्ट, अर्कान्साचं अख्खं नॅशनल गार्ड, जवळजवळ दहा हजार माणसं, फेडरल सेवेत. त्या सहीबरोबर फॉबस यांच्या हातातलं सैन्य गेलं. २५ तारखेला नऊ मुलं सैनिकांच्या पहाऱ्यात मुख्य दाराने आत गेली. नोव्हेंबरअखेर एअरबोर्नवाले परतले आणि शाळेचं वर्ष संपेपर्यंत पहारा दिला तो त्याच अर्कान्सा गार्डने. तेच राज्य, तोच गणवेश, हुकूम मात्र उलटा.

आमच्या भाषेत सांगायचं तर या सिस्टीममध्ये सगळ्या परवानग्या असलेलं एकही खातं नाही. न्यायालय आदेश देऊ शकतं, सैन्य हलवू शकत नाही. प्रेसिडेंट सैन्य हलवू शकतो, पण गव्हर्नरला काढू शकत नाही, आणि सैन्य देशात वापरायचा अधिकारसुद्धा त्याला काँग्रेसने केलेल्या जुन्या कायद्यातून मिळतो. काँग्रेस कायदे करते, पण अविश्वास ठराव आणून प्रेसिडेंटला खाली खेचू शकत नाही. त्यासाठी महाभियोग लागतो आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं. आजवर एकाही प्रेसिडेंटचं पद तसं गेलेलं नाही.

छान वाटतं ना? पण याची किंमत कोणी मोजली, तर मुलांनी. वर्गात सैनिक नव्हते. ढकलणं, थुंकणं, शिव्या रोज चालू होत्या. तरी मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन हा त्या शाळेतून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. आणि फॉबस? पद शाबूत होतं. १९५८-५९ या वर्षी त्यांनी लिटल रॉकची सगळी सरकारी हायस्कूलं बंद ठेवली. शहरातल्या मतदारांनीही आधी मोठ्या बहुमताने त्याला साथ दिली. साडेतीन हजारांहून जास्त मुलं, गोरी आणि कृष्णवर्णीय दोन्ही, घरी बसली. मे १९५९ मध्ये मात्र त्याच शहराने कट्टर विरोधकांना शाळा मंडळातून मतदानाने काढलं, कोर्टाने शाळाबंदीचा कायदा रद्द केला आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. फॉबस तरीही निवडून येत राहिले, १९६७ पर्यंत.

आता एक गंमत बघा. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडताना नेमकी ही तुलना केली होती. ते स्वतः न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. त्यांचा मुद्दा साधा होता: सरकारला स्थैर्यही हवं आणि जबाबदारीही. अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते, तर संसदीय पद्धतीत सरकारला रोज जाब द्यावा लागतो. मसुद्याने जबाबदारी निवडली.

म्हणजे मी कॉलवर जे बटण शोधत होतो, ते आपल्याकडे आहे. पण ३१ जुलै १९५९ ला, लिटल रॉकच्या शाळा उघडायला काही दिवस उरले असताना, तेच बटण दाबून केरळचं निवडून आलेलं सरकार बरखास्त झालं. त्यामागच्या आंदोलनाचं एक मोठं कारण होतं शिक्षण कायदा. त्यामुळे आता मी तो प्रश्न इतक्या सहज विचारणार नाही. बटण नसलं तर एक फॉबस वर्षभर शाळा बंद ठेवू शकतो. बटण असलं तर दिल्लीला नको असलेलं सरकार एका सहीत जातं.

तुम्हाला यातला कुठला धोका परवडेल? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या रविवारी.