व्हेनिसच्या नावावर चढलेलं गाणं

व्हेनिसच्या सान मार्को बसिलिकात वेदीच्या दोन्ही अंगांना एकेक सज्जा, आणि दोन्हींवर ऑर्गन. एक वृंद इकडे उभा राहिला, दुसरा तिकडे, आणि त्यातून अनेकवृंदी मोटेट, म्हणजे लॅटिन धर्मपाठावरची बहुस्वरी रचना, जन्माला आलं, असं संगीताच्या पुस्तकांतून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कथा झकास आहे. पण या गाण्याचं कूळ त्या सज्ज्यांत नाही.

ते आहे मठांतल्या स्तोत्रपठणात. साधू दोन रांगांत समोरासमोर उभे राहत. एक चरण ही रांग म्हणे, पुढचा ती. एकसुरी पठणाच्या जागी बहुस्वरी रचना आल्या, तरी ही वाटणी टिकली. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पादुआत फ्रा रुफिनो दास्सीसी दोन वृंदांसाठी स्तोत्रं रचत होता. त्रेव्हिझो आणि बेर्गामोतही तोच प्रघात होता.

सान मार्कोचा संगीतप्रमुख म्हणून आद्रियान विलार्ट 1527 साली आला, तो फ्लँडर्सकडचा. त्याची दोन वृंदांची स्तोत्रं 1550 मध्ये छापली गेली. ती गायची कशी, हे बसिलिकाच्या 1564 च्या विधिग्रंथात नोंदलेलं आहे: एका वृंदात चार गायक, दुसऱ्यात उरलेले सगळे. म्हणजे खरा भेद जागेचा नव्हे, मोजक्या आवाजांचा आणि भरघोस आवाजांचा. विलार्टचा शिष्य झार्लिनो याने 1558 च्या ग्रंथात यामागची कारागिरी उलगडली. प्रत्येक वृंदाचा स्वरमेळ स्वतंत्रपणे पुरा हवा. सगळे वृंद एकत्र आले की त्यांचे खालचे स्वर एकाच सुरात किंवा सप्तकाच्या अंतरावर चालावेत, क्वचित तिसऱ्या स्वरावर, पण पाचव्यावर कधीच नाही. कारण वृंद दूर असले, तर जवळच्या श्रोत्याला आपल्यापुढच्या वृंदाचा पाया डळमळीत वाटता कामा नये.

व्हेनिसने या गाण्याला जन्म दिला नाही, थाट दिला. सान मार्को हे तेव्हा डोजचं, म्हणजे राज्यप्रमुखाचं, खाजगी देवालय होतं. तिथला सण हा राज्याचा सोहळा. 1568 मध्ये तिथे पगारी वादकांचा ताफा कायम झाला. आंद्रेआ गाब्रिएली आणि त्याचा पुतण्या जोव्हान्नी या दोन ऑर्गनवादकांनी मग स्तोत्राची ही रीत मोटेटमध्ये आणून फुलवली. जोव्हान्नीच्या मृत्यूनंतर 1615 मध्ये छापलेलं ‘इन एक्लेसीस’ घ्या: चार एकल गायक, चार आवाजांचा वृंद, तीन कॉर्नेट, एक व्हायोलिन, दोन ट्रॉम्बोन आणि खाली ऑर्गन. ‘आलेलुया’चं पालुपद पुन्हा पुन्हा येतं. मध्येच सगळे गायक थांबतात आणि सहा वाद्यं एकटीच बोलतात. शेवटी चौदाही भाग एकदम उसळतात. दोन रांगांचं पठण इथवर आलं, ते सरकारी तिजोरीच्या जोरावर.

पुढे जोव्हान्नीचा जर्मन शिष्य हाइनरिश श्युट्झ याने 1619 मध्ये आपल्या भाषेतली अनेकवृंदी स्तोत्रं छापली. तिकडे समुद्रापारही ही रीत पोचली होती. सतराव्या शतकात ज्युसेप्पे सेबास्तियानी या इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूने जुन्या गोव्यात बोम जेझूच्या चर्चमध्ये सात वृंदांचं गायन ऐकलं. आपण रोममध्ये आहोत असं वाटलं, अशी त्याची नोंद आहे. बोम जेझूत मुख्य दालन एकच. तिथेही सात वृंद गाऊ शकले. मग या गाण्याला सान मार्कोच्या सज्ज्यांची गरज होती, असं कसं म्हणायचं?